प्रतिग्रह

दान कसे करावे, कोणास करावे, कोणत्या तिथीस आणि कोणत्या तीर्थी करावे, याचा ऊहापोह आमच्या धर्मशास्त्रकारांनी इतक्या विस्ताराने केला आहे की, यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्रिपंडित याने आपल्या 'चतुर्वर्गचिंतामणी' या ग्रंथाचा एक संपूर्ण खंडच त्या विषयास वाहिला. हेमाद्री ज्या रामचंद्रदेवाच्या पदरी होता, त्याच्याच अमदानीतील लेख आमच्या वेळापूरच्या अर्धनारीनटेश्वराच्या देवळात कोरलेले आहेत. तेव्हा दानधर्माची ती परंपरा आम्हां वेळापूरकरांस पोथीतून शिकावी लागलेली नाही, ती गावाच्या वेशीतून आत आलेली आहे. देण्याच्या या विपुल शास्त्रात घेणाऱ्याचा विचार मात्र फारच थोडा आढळतो, आणि जेथे आढळतो तेथे तो बहुधा भीतीच्या आणि निषेधाच्या भाषेत आढळतो. घेणे हा धर्म असू शकतो काय, आणि असल्यास त्याचे नियम कोणते, हा प्रश्न मला अलीकडे एका पत्रामुळे पडला. त्याचा निकाल लावण्याचा आव न आणता, त्याची जेवढी कैफियत मला समजली तेवढी येथे मांडतो.

पत्र लिहिणारी माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे. माळशिरस तालुक्यातील ऊसकरी शेतकऱ्याची मुलगी. इंग्रजी घेऊन एम. ए. झाली, बी. एड. झाली, आणि येथे तासिका तत्त्वावर काही काळ काढल्यानंतर थायलंडच्या ईशान्य भागात, ज्याला तेथील लोक ईसान म्हणतात, तेथल्या एका खेड्यातील शाळेत वार्षिक करारावर इंग्रजी शिकवण्यास गेली. इंग्रजी तिच्या घरची भाषा नव्हे आणि तिच्या विद्यार्थ्यांच्याही घरची नव्हे. दोन्ही तीरांस परकी असलेली ही होडी वल्हवण्याबद्दल तिला दरमहा ठरलेला पगार मिळतो. त्या पगाराच्या बदल्यात आठवड्याचे ठराविक तास शिकवले की तिचे देणे फिटते. तिचे घेणे मात्र कोणत्याही करारात लिहिलेले नाही आणि ते कोणत्याही तासाला संपत नाही. भाजी कोणती घ्यावी, बस कोठे धरावी, ताप आला तर कोणाच्या दारी जावे, थोरांपुढे हात किती उंच जोडावेत आणि पाय कोणत्या दिशेस करून बसू नये, हे सर्व तिला दररोज कोणाकडून तरी घ्यावे लागते. आणि ज्या मुलांना ती वर्गात धडे देते, तीच मुले शाळेबाहेर तिची गुरू असतात.

तिच्या शेजारी एक वृद्ध स्त्री राहते. ती पहाटे उठून बांबूच्या निमुळत्या टोपलीत चिकट तांदूळ वाफवते आणि उजाडताना रस्त्याच्या कडेला, वहाणा काढून, गुडघ्यांवर बसते. अनवाणी भिक्खूंची रांग येते. प्रत्येक जण पात्राचे झाकण क्षणभर उघडतो, वृद्धा त्यात ऊन भाताचा एकेक गोळा टाकते, झाकण पुन्हा बंद होते. भिक्खू आभार मानीत नाही. हात जोडून वंदन करते ती देणारी. कोणी आपले अन्न घेतले, ही देणाऱ्यावरच कृपा झाली, असा त्या नमस्काराचा अर्थ. मग भिक्खू पालीतून मंगलवचने म्हणतात, आणि ती चालू असता वृद्धा एका लहानशा पितळी भांड्यातले पाणी बारीक धारेने वाटीत ओतते. या दानाचे पुण्य आपल्या मृत आप्तांस पोचावे, अशी त्यामागची भावना. ते पाणी नंतर झाडाच्या मुळाशी घालतात. एके दिवशी या वृद्धेने आपली टोपली मध्ये ठेवून आमच्या विद्यार्थिनीला शेजारी बसवले, आणि पाणी ओतण्याची वेळ आली तेव्हा खुणेने विचारले: तुझे कोण गेले आहे? नाव घे.

"सर, मी आजीचे नाव घेतले," असे तिने लिहिले आहे. "आपल्या आजीने जन्मभर वारकऱ्यांना वाढले, आणि तिच्यासाठी पाणी सोडले ते दुसऱ्याच धर्माच्या बाईने, दुसऱ्याच धर्माच्या साधूंसमोर. भात तिचा, पाणी तिचे, मंत्र त्यांचे. माझे म्हणाल तर एक नाव तेवढे. हे चालते का? आणि आजीला ते पोचले असेल का?"

या आजीला मी ओळखत होतो, म्हणून प्रश्नाचे वजन मला कळले. श्रीज्ञानेश्वर महाराजांची पालखी माळशिरसचा मुक्काम आटोपून वेळापूरच्या वाटेला लागते, आणि गावाजवळच्या उतारावर, जेथून तुकाराम महाराजांस पंढरीचा कळस दिसला अशी श्रद्धा आहे, तेथून वारकरी धावा करीत खाली उतरतात. त्या दिवशी आमच्या गावातील चुली थंड होत नाहीत. पिठले, भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, ज्याच्या घरी जे असेल ते. ओसरी, माळा, शाळेच्या खोल्या, देवळाचा मंडप, जिथे पाठ टेकता येईल तिथे माणूस. दुसऱ्या दिवशी पालखी ठाकूरबुवांच्या समाधीकडे गोल रिंगणासाठी निघून गेली की गाव दमलेले पण तृप्त असते. या एका रात्रीच्या बळावर आम्ही वेळापूरकर स्वतःस उदार समजतो, आणि तसे समजण्यास आधारही आहे. परंतु ज्याच्यामुळे हे औदार्य घडते, त्या वारकऱ्याचे कर्तृत्व आमच्या सहसा ध्यानात येत नाही. घरी दहा एकरांचा धनी असलेला मनुष्य अनोळखी गावात, अनोळखी दारी, जात-पत न विचारता पुढे केलेली भाकरी दोन्ही हातांनी घेतो, तेथेच मातीवर बसून खातो आणि उपकाराच्या ओझ्याने वाकत नाही, ही साधना वाढण्याहून कठीण आहे. त्या आजीने वाढण्याचा धर्म पाळला. नातीच्या वाट्यास घेण्याचा धर्म आला, आणि त्याची शिकवण तिला कोणी दिलेली नव्हती.

शास्त्राकडे वळावे तर तेथे तिच्यासाठी, आणि खरे म्हणजे माझ्यासाठीही, फारसे अनुकूल वचन नाही. ब्राह्मणाच्या षट्कर्मांपैकी अध्यापन, याजन आणि प्रतिग्रह ही तीन उपजीविकेची. त्यांत प्रतिग्रह, म्हणजे दानाचा स्वीकार, हा मनूने हीनतम ठरवला आहे, आणि अधिकार असला तरी त्याची चटक लागू देऊ नये, कारण त्याने ब्रह्मतेज लवकर विझते, असा इशारा दिला आहे. उरले अध्यापन, तर वेतन ठरवून शिकवणाऱ्या भृतकाध्यापकास त्याच मनूने श्राद्धास न बोलावण्याच्या लोकांच्या यादीत बसवून ठेवले आहे. पगारपत्रकावर सह्या करण्यात आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याने त्या यादीकडे पाहून खिन्न होण्याचे कारण नाही; कारण त्या नियमामागील दृष्टी उथळ नाही. विद्या विकली की शिकवणारा आणि शिकणारा यांच्यामधील नाते व्यवहाराच्या पातळीवर येते, आणि दान घेतले की घेणारा देणाऱ्याच्या सत्तेखाली जातो, एवढे मानवी स्वभावाचे ज्ञान त्या स्मृतिकारांस होते.

याच दृष्टीतून समुद्रगमनाचा निषेध निघाला असे मला वाटते. बौधायनाने समुद्रप्रवास पतनाच्या कारणांत गणला, आणि पुढे कलिवर्ज्य प्रकरणात, समुद्र ओलांडून आलेल्या द्विजाशी त्याने प्रायश्चित्त घेतले तरी व्यवहार ठेवू नये, इतकी कडक तरतूद झाली. सुधारकांनी या निषेधाची यथेच्छ थट्टा केली, आणि ती करणे आवश्यकच होते. तथापि शास्त्र्यांचे भय समुद्राच्या खाऱ्या पाण्याचे नव्हते. पैलतीरावरच्या गोड्या पाण्याचे होते. मनुष्य परक्या मुलखात गेला की तो तेथील पाणी पिणार, तेथील अन्न खाणार, तेथील पद्धतीने अभिवादन करणार, आणि असे करता करता एके दिवशी तो पूर्वीचा राहणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. परधर्मातील तत्त्वज्ञानाचे ग्रंथ वाचून कोणी सहसा बदलत नाही. रोजच्या जेवणाने, शेजाराने आणि आजारपणातील शुश्रूषेने मात्र बदलतो. 'प्रवासाने धर्माला काय होते?' असे विचारणाऱ्या सुधारकापेक्षा, 'प्रवासाने माणूस बदलतो' असे म्हणणाऱ्या शास्त्र्याचे निदान अधिक अचूक होते. चूक होती ती औषधात.

या निदानाची खात्री पटवण्यासाठी समुद्र ओलांडण्याचीही गरज नसते, हे पुण्याने 1890 साली सिद्ध केले. पंचहौद मिशनमध्ये जमलेल्या पाहुण्यांपुढे चहा आला. निमंत्रितांत न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारखी माणसे होती. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव यांनी हजर असलेल्यांची नावे 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली, आणि एका पेल्यावरून ग्रामण्य माजले. शंकराचार्यांकडे फिर्याद गेली, चौकशीसाठी शास्त्री नेमले गेले, जाबजबाब झाले. टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले, रानड्यांनी पुढे प्रायश्चित्त घेतले आणि त्याबद्दल आपल्याच अनुयायांचा रोष ओढवून घेतला. या साऱ्या प्रकरणात चहा देणाऱ्याचा धर्म चहा दिल्याने बाटला काय, असा प्रश्न कोणीही विचारला नाही. बाटतो तो घेणारा, ही गोष्ट वादी-प्रतिवादी दोघांनीही गृहीत धरली होती.

त्याच पंचहौदात वाँटेज येथील इंग्रज भगिनीसंघाच्या जोगिणी काम करीत, आणि त्यांच्याच आधाराने पंडिता रमाबाई 1883 साली आपली लहानगी मुलगी मनोरमा हिला घेऊन इंग्लंडास गेल्या. आपण ज्या प्रश्नाची चर्चा करीत आहोत, त्याची जिवंत मीमांसा मराठी माणसाच्या इतिहासात या बाईंच्या इतकी कोणाच्याही आयुष्यात आढळत नाही. 'स्त्रीधर्मनीति' या पुस्तकाच्या उत्पन्नाचा त्यांना प्रवासखर्चासाठी उपयोग झाला; वैद्यक शिकण्याचा हेतू श्रवणदोषामुळे तडीस गेला नाही; हिंदुस्थानात येऊ इच्छिणाऱ्या भगिनींस मराठी शिकवावे आणि मोबदल्यात आपण इंग्रजी शिकावे, अशी वाँटेजला व्यवस्था झाली. पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात, प्रमुख डोरोथिया बील यांच्या छत्राखाली, त्यांनी इंग्रजीचे शिक्षण घेतले आणि संस्कृत शिकवले. म्हणजे परमुलखात शिक्षक आणि विद्यार्थी ही दोन्ही नाती त्या एकाच छपराखाली निभावीत होत्या. त्या मुलखाकडून त्यांनी भाषा घेतली, निवारा घेतला, आणि 29 सप्टेंबर 1883 रोजी बाप्तिस्मा घेऊन प्रत्यक्ष धर्मही घेतला. शास्त्र्यांचे भय याहून अधिक पूर्णपणे खरे ठरणे शक्य नव्हते.

पण कथेचा मर्मभाग येथून पुढे आहे. धर्म घेतल्यावर रमाबाई बाकीचेही सर्व निमूटपणे घेतील, अशी त्यांच्या धर्ममातेची, सिस्टर जेराल्डिन हिची, अपेक्षा होती. रमाबाईंनी शाकाहार सोडला नाही, देशी राहणी सोडली नाही, आणि पंथातील वरिष्ठ सांगतील ते मत बुद्धीस पटल्याखेरीज स्वीकारण्याचे नाकारले. जेराल्डिनला यात जातीचा दुराग्रह आणि अहंकार दिसला. रमाबाईंनी उत्तरादाखल विचारलेला प्रश्न त्यांच्या पत्रव्यवहारात नमूद आहे, आणि त्याचा आशय असा की, एखादी इंग्रज बाई हिंदूंमध्ये राहावयास आली आणि तिने कोणास उपद्रव न देता आपली रीत चालू ठेवली, तर तिला गर्विष्ठ म्हटलेले आवडेल काय? रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांस शिकवू नये, असा आक्षेप हिंदुस्थानातील बिशपांनी घेतला, तेव्हाही त्यांचा पवित्रा हाच होता: मला विवेक दिला आहे तो वापरण्यासाठी, कोणाच्या दप्तरी जमा करण्यासाठी नाही. अन्न, वस्त्र, भाषा, धर्म या सर्वांच्या बाबतीत ज्याने त्याने परके काय घ्यावे आणि आपले काय ठेवावे, हे आतून ठरवावे, आणि ठरवण्याचा हक्क मात्र कोणत्याही मोबदल्यात देऊ नये, हा घेण्याच्या धर्मातील पहिला नियम मला त्या पत्रांत दिसतो.

दुसरा नियम मात्र जेराल्डिनच्या वागण्यातून, उलट्या बाजूने, हाती लागतो. तिचे रमाबाईंवर प्रेम होते यात संशय नाही. मनोरमेचा सांभाळ तिने मायेने केला. पण गरज सगळी एकाच पक्षाची आहे आणि देणे सगळे दुसऱ्या पक्षाकडे आहे, अशी तिची पक्की समजूत होती. आणि ज्या बाईला कलकत्त्याच्या पंडितांनी 'सरस्वती' ही पदवी दिली, तिच्याकडून आपणही काही शिकावे, हे तिला सुचले नाही. रमाबाईंस दुखावले ते या एकतर्फीपणाने. जो नुसताच देतो आणि काही घेत नाही, तो कितीही सज्जन असला तरी हळूहळू मालक होतो. शिक्षकाच्या व्यवसायात ही जोखीम विशेष आहे, कारण फळ्यापुढे उभा राहणारा मनुष्य दिवसभर देण्याच्याच आविर्भावात असतो, आणि परमुलखात इंग्रजीसारखी प्रतिष्ठित भाषा शिकवणाऱ्याचा तो आविर्भाव फळा पुसल्यानंतरही पुसला जात नाही.

आमच्या सोलापूर जिल्ह्याला या बाबतीत दोन मोठे दाखले लाभले आहेत. पंढरीचे नामदेव पंजाबात गेले आणि त्यांच्या नावे गुरुग्रंथसाहेबात 61 पदे समाविष्ट झाली. विठ्ठलाचे नाव द्यावयास गेलेल्या या भक्ताने तिकडची बोली आधी घेतली. घुमान येथील लोक आज त्यांना आपले मानतात, परगावचा पाहुणा मानीत नाहीत. दुसरे, सोलापुरात 1910 साली जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस. 1938 साली पाच डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले, चिनी भाषा शिकले, त्या भाषेत वैद्यकाचे पाठ देऊ लागले, तेथल्याच कुओ छिंगलान या परिचारिकेशी विवाह केला, आणि 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या 32 व्या वर्षी, उत्तर चीनमधल्या एका खेड्यात निवर्तले. शस्त्रक्रिया करणारे परदेशी डॉक्टर पुष्कळ असतात. कोटणीसांची स्मृती त्या प्रांतात टिकली ती त्यांनी दिले म्हणून जितकी, तितकीच त्यांनी तेथील भाषा, भाकर आणि संसार आपला म्हणून घेतला म्हणून.

येथे एक आक्षेप निघेल आणि तो निघणे रास्त आहे. आजकालची तरुण मंडळी 'अनुभव घ्यायला' देशोदेशी जातात. चार महिने येथे, चार महिने तेथे. शिकवणे हे निमित्त, बाजारहाट, सण, जेवणावळी, देवळे यांची छायाचित्रे हा खरा उद्योग. घेणे हाच धर्म असेल तर यांच्याइतके धार्मिक कोण? उत्तर असे की, हे घेणे आणि प्रतिग्रह या दोन वेगळ्या जाती आहेत. शास्त्रातील प्रतिग्रहाला देणारा लागतो. तो हातावर उदक सोडतो. घेणारा 'स्वस्ति' म्हणतो. तो म्हणेपर्यंत दान पुरे होत नाही, आणि म्हटल्यानंतर घेणाऱ्यावर जबाबदारी येते, इतकी की अयोग्य प्रतिग्रहाबद्दल त्यालाच प्रायश्चित्त सांगितले आहे. प्रवासी 'अनुभव' घेतो तेव्हा देणाऱ्याचा चेहरा त्याला आठवत नाही, स्वस्ति तो म्हणत नाही, आणि घेतल्याने त्याच्यावर काही बंधनही येत नाही. ते घेणे नसून उचलणे होय. ईसानमधल्या त्या वृद्धेचा भात ही काही प्रेक्षणीय वस्तू नव्हती. तो भाग थायलंडातील गरिबांचा. तेथल्या शेतकऱ्याची पोरे कामासाठी बँकॉकला जातात, जशी आमच्याकडची पुण्या-मुंबईस जातात. त्या घरच्या टोपलीतून भाताचा गोळा घेऊन पात्रात घालायचा आणि पुण्य आपल्या आजीच्या नावे लावायचे, याचा संकोच वाटला, म्हणूनच तिने पत्र लिहिले. आणि हा संकोच हेच ती उचलत नसून घेत होती याचे प्रमाण आहे.

तिच्या पत्रात आणखी एक हकिकत आहे. शाळेचे वर्ष सुरू झाल्यावर तेथे एका गुरुवारी गुरुवंदनाचा विधी होतो. मुले रांगेने गुडघ्यांवर पुढे येतात आणि शिक्षकांच्या हाती फुलांचे तबक देऊन नमस्कार करतात. त्या तबकात परंपरेने दूर्वा असतात, लाह्या असतात, वांग्याची फुले आणि एक्झोऱ्याची फुले असतात. दूर्वेसारखी विद्या पसरावी, वांग्याच्या फुलासारखे नम्रतेने खाली पाहावे, असे त्याचे अर्थ मुलांना सांगतात. गणपतीच्या दूर्वा आणि लग्नातल्या लाह्या त्या तबकात पाहून आमच्या मुलीचे डोळे भरून आले, हे स्वाभाविकच. पण तिला अडचण वाटली ती निराळीच: माझा करार मार्चपर्यंतचा, मी क्रियापदाचे काळ शिकवते, आणि ही मुले मला गुरू म्हणून वंदन करतात, हे मी कोणत्या अधिकाराने घेऊ? मनूचा भृतकाध्यापक तिच्या रूपाने स्वतःच स्वतःस पंक्तीबाहेर बसवीत होता. मला वाटते, ते वंदन तिने घेतले पाहिजे, आणि ते आपल्या लायकीचा दाखला म्हणून नव्हे. मुलांच्या वंदनास आपण पुरे पडत नाही ही जाणीव शिक्षकास रोज सकाळी वर्गात जाण्यापूर्वी व्हावी, यासाठीच कदाचित ती प्रथा घातली गेली असावी. न घेणे सोपे झाले असते. नम्रतेचे श्रेयही पदरात पडले असते, आणि मुलांच्या हातातील तबक मात्र अधांतरी राहिले असते.

आता तिचा अखेरचा आणि खरा प्रश्न: पाणी पोचले काय? पितर कोठे असतात आणि त्यांना काय पोचते याबद्दल मी काही जाणतो असा माझा दावा नाही. शास्त्र काय गृहीत धरते एवढे सांगू शकतो. धर्मानंद कोसंबी यांच्यासारख्या गोमंतकी विद्वानाने, स्वतः सिंहलद्वीपात जाऊन श्रामणेर होऊन आणि पुढे हार्वर्ड व लेनिनग्राड येथपर्यंत पालीच्या अध्ययन-अध्यापनासाठी फिरून, जो स्थविरवाद मराठीच्या अंगणात आणला, त्या, म्हणजे ईसानमधल्या भिक्खूंच्याच, पंथाची याविषयीची समजूत मोठी मार्मिक आहे. पुण्य नुसते पाठवून भागत नाही. मृत जीवाने त्या दानाचे अनुमोदन करावे लागते, आनंदाने 'साधु' म्हणावे लागते, तेव्हाच ते त्याचे होते. म्हणजे तेथे मेलेल्या माणसालाही घेण्याचे कर्म चुकलेले नाही. आमच्या आजीपुरते बोलायचे तर, भुकेल्या माणसाला वाढलेले पाहून तिला आनंद झाला नाही असे एकदाही घडलेले नाही. तिने अनुमोदन दिले नसेल अशी शंका घेण्यास मला जागा दिसत नाही.

आमच्या बाजूने पाहावे तरी निर्णय तोच येतो. तर्पण करणारा मनुष्य आपल्या पितरांस पाणी देतो, पण तेथे थांबत नाही. ज्यांना पुत्र नाही, ज्यांचे गोत्र निराळे, जे बांधव नाहीत, जे कोणत्या जन्मी कोण होते हे ठाऊक नाही, अशा सर्वांना, ब्रह्मदेवापासून गवताच्या काडीपर्यंत, तो ओंजळभर पाणी देतो. आपल्या ओंजळीतील पाणी ईसानमधल्या त्या वृद्धेच्या आईबापांनाही पोचते, असे आमचे शास्त्र बिनदिक्कत मानते. मग तिच्या पितळी भांड्यातील पाणी आमच्या आजीस पोचत नाही, असे कोणत्या न्यायाने म्हणावयाचे? आपले देणे विश्वव्यापी आणि आपले घेणे मात्र गोत्रापुरते, हा हिशेब जुळत नाही. आमच्या औदार्यात शतकानुशतके राहून गेलेली वजाबाकी ती हीच: सर्वांस देऊ, पण सर्वांकडून घेणार नाही. अस्पृश्यतेच्या पापाची एक मुळी येथेच आहे. ज्यांना अस्पृश्य मानले त्यांच्या ओंजळीत आम्ही वरून पाणी ओतण्यास तयार होतो, त्यांच्या हातचे पिण्यास तयार नव्हतो. चवदार तळ्याचा सत्याग्रह 1927 साली झाला तेव्हा मागणी कोणाच्या दयेची नव्हती. एकाच पाण्यावर सर्वांचा सारखा अधिकार असण्याची होती. जेथे देणे-घेणे दोन्ही दिशांनी वाहत नाही, तेथे दया असेल, धर्म नसतो.

मी तिला लिहिले आहे की, पाणी सोडत जा; आजीचे नाव घे, आणि त्या वृद्धेला तिच्या गेलेल्यांची नावे विचारून घरी आलीस म्हणजे आमच्या अर्धनारीनटेश्वरापुढे तीही घे. तिचा धर्म तू स्वीकारावास असे त्यात काही नाही, आणि आपला सोडावास असेही नाही. रमाबाईंप्रमाणे काय ठेवायचे ते तुझे तू ठरव, आणि कोणी ठरवून देऊ लागले तर नम्रपणे नाही म्हण. भाताची फेड पैशाने करावयास जाऊ नकोस. तिच्या नातवंडांना इंग्रजी फुकट शिकवून हिशेब चुकता करण्याचा मोहही आवर, कारण काही ऋणे बाकी राहण्यातच नाते असते. आणि शास्त्र्यांना समुद्रापलीकडे गेलेल्यासाठी प्रायश्चित्त सांगावयाचेच असेल, तर कलम थोडे दुरुस्त करून घ्यावे असे मी सुचवीन: परमुलखात वर्षानुवर्षे राहून, तेथील लोकांस धडे देऊन, पगार उचलून, जो त्यांच्याकडून काहीही न घेता जसाच्या तसा परत आला, त्याला ते द्यावे.